मावशी आणि अडसर

आजचा दिवस डिचोलीला मावशीकडे गेला. परवा रात्री मागल्या दाराची कडी उचकटून एकजण आत शिरला. मावशीने पुढच्या दाराचा अडसर उपसला आणि त्याच्या खांद्यावर असा हाणला की पठ्ठ्या एक चप्पल न्हाणीपाशी टाकून पसार! पण भेटायला येणारा प्रत्येकजण कौतुक करून झाल्यावर हळूच विचारतो, "आता तुमच्यावरच केस झाली तर?" चोर मोकळा, आणि घाबरलेली मावशी.

म्हणून सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काचीच आहेत. जुन्या दंडविधानातही ती होती, ९६ ते १०६. रात्रीच्या घरफोडीत, गरजच पडली तर, हा हक्क जीव घेण्यापर्यंत जातो (कलम ४१). मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. चोर कुंपणापलीकडे पळाल्यावर मागे धावून झोडपलं, तर तो बचाव नव्हे. ही मर्यादा मला पटते.

पटत नाही ते पुढचं. आपण बचावासाठीच मारलं हे कोर्टात दाखवायचं ओझं आरोपीवर, म्हणजे मावशीसारखीवर. कायदा पाठीशी आहे, पण तिथवर पोचेतो वकिलाची फी आणि तारखा! तपासातच हे बघितलं जायला हवं, असं माझं ठाम मत.

मावशीला सगळी कलमं वाचून दाखवली. म्हणाली, "बाय, चहा पी आधी, निवतोय."