हुकूम येईपर्यंत गोळी नाही

लंडनमध्ये शनिवारी संध्याकाळचे साडेसात वाजले की आमच्या रेजिमेंटची हजेरी असते, म्हणजे माझ्या घड्याळात बरोबर मध्यरात्र, आणि हिवाळ्यात त्यांची घड्याळं तासभर मागे गेली की रात्रीचा एक. गेली सहा वर्षं मी ही हजेरी शक्यतो चुकवलेली नाही. मित्रांना सांगितलं की आज जमणार नाही, रेजिमेंट आहे, की ते विचारतात कसली रेजिमेंट, आणि मग मला दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं, म्हणून आता एकदाच नीट लिहून टाकतो.

तर ही रेजिमेंट एका ऑनलाइन गेममधली, आणि गेम आहे नेपोलियनच्या काळातल्या लढायांचा. या प्रकाराची सुरुवात तशी २०१२ मध्ये माऊंट अँड ब्लेड वॉरबँड या गेमला जोडून आलेल्या नेपोलियनिक वॉर्सपासून झाली म्हणायची, एका सर्व्हरवर दोनशे लोक एकदम खेळू शकायचे, मग २०१७ मध्ये होल्डफास्ट हा गेम आला आणि बरीच मंडळी तिकडे गेली, आम्हीपण गेलो. या गेम्समध्ये लोकांनी आपापल्या रेजिमेंट्स उभ्या केल्यात, कुणी फ्रेंच, कुणी प्रशियन, कुणी ऑस्ट्रियन, आणि आमची आहे कोल्डस्ट्रीम गार्ड्सच्या धर्तीवरची, ब्रिटिश फूट गार्ड्स, म्हणजे राजाच्या खास पायदळातली. हुद्दे आहेत, ड्रिल आहे, बुधवारी ट्रेनिंग, शनिवारी लाईनबॅटल.

लाईनबॅटल म्हणजे काय ते कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. प्रत्येक रेजिमेंट आपली वीस-पंचवीस माणसं घेऊन येते, प्रत्येकाला एका राऊंडमध्ये एकच जीव, मेलात की गप्प बसून बघायचं. आणि पायदळाने गोळी झाडायची ती रांगेत खांद्याला खांदा लावूनच. रांग सोडून झाडलीत तर त्याला एफओएल म्हणतात, फायर आउट ऑफ लाईन, ॲडमिन तिथल्या तिथे मारून टाकतो. एकटाच कुठेतरी पळत गेलात तर तो रॅम्बो, त्यालाही तीच शिक्षा. बाहेरच्या माणसाला हे फार विचित्र वाटतं, समोरून गोळ्या येतायत आणि तुम्ही झाडामागे लपायचं सोडून रांगेत उभे, हा काय गेम झाला. मलापण पहिल्या दिवशी असंच वाटलेलं, मी आधी नेहमीचे शूटिंगवाले गेम खेळायचो, जिथे स्कोअरबोर्डवर आपलं नाव वर गेलं की झालं.

पण त्या काळची बंदूक समजून घेतली की रांग आपोआप समजते. ब्रिटिश शिपायाची ब्राऊन बेस मस्केट, पॉइंट ७५ कॅलिबर म्हणजे पाऊण इंच रुंद नळी, आतून गुळगुळीत, आणि गोळी मुद्दाम नळीपेक्षा जराशी लहान ठेवलेली, कारण दारूची काजळी साचली तरी ती आत जायला हवी. त्यामुळे गोळी नळीत आपटत आपटत बाहेर पडायची आणि शंभर यार्डांपलीकडे नेम धरण्यात फारसा अर्थच नसायचा. तयार शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. एकेकट्याचा नेम असा बेभरवशाचा, म्हणून शंभर जणांनी एकदम झाडायचं, म्हणून रांग. गेममध्येही तेच आहे, लांबून एकट्याने मारलेली गोळी कुठेही जाते, रीलोड करायला वेळ लागतो आणि तो करताना जागचं हलता येत नाही. त्यामुळे वीस जणांचा बार एकत्र पडला तरच समोरची रांग फाटते. (आणि ब्रिटिश सैन्यात सर्रास वापरलेला तो नमुना इंडिया पॅटर्न म्हणून ओळखला जायचा, मुळात ईस्ट इंडिया कंपनीसाठी बनवलेला स्वस्त आणि लवकर तयार होणारा नमुना, फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर बंदुका पुरेनात म्हणून सरकारने तोच घेतला. हे कळल्यापासून ती बंदूक हातात घेताना मला दर वेळी आठवतं.)

माझा पहिला इव्हेंट मला अजून लख्ख आठवतो. आम्ही एका टेकाडामागे बसलेलो, फ्रेंच रांग चढून येत होती, कॅप्टनने शांतपणे सांगितलं होल्ड, होल्ड, आणि मी झाडली. एकट्याने. मला वाटलं एक तर मारतो आधीच. माझ्या बंदुकीचा धूर वर गेला आणि आम्ही नेमके कुठे बसलोय ते समोरच्यांना कळलं, ते थांबले, लांबूनच त्यांनी बार काढला, आमचे सात जण गेले. माईकवर कुणीही ओरडलं नाही, मी शिव्यांची वाट बघत होतो पण एक शब्द नाही. राऊंड संपल्यावर आमच्या सार्जंटने मला वेगळ्या चॅनेलमध्ये घेतलं आणि विचारलं, तुझ्या डावीकडे कोण होतं ते सांग. मला सांगता आलं नाही. उजवीकडे? तेही नाही. तो म्हणाला पुढच्या बुधवारी ये, आधी नावं पाठ कर, नेमबाजी नंतर. बस एवढंच. मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून जो आदर आहे तो कधीच कमी झाला नाही.

आमच्यात प्रत्येक नवीन मुलाला एक जोडीदार देतात, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. पाच फूट गार्ड्स रेजिमेंट्स ओळखायच्या त्या कोटाच्या बटणांवरून, ग्रेनेडियरची बटणं एकेक सुटी, कोल्डस्ट्रीमची दोन-दोनच्या जोडीत, स्कॉट्सची तिनाच्या, आयरिशची चाराच्या, वेल्शची पाचाच्या गटात. आमची जोडीची, म्हणून माणसंही जोडीत. कोल्डस्ट्रीमची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. जॉर्ज मंक या सेनानीने १६५० मध्ये ही रेजिमेंट उभारली तीच मुळी क्रॉमवेलच्या न्यू मॉडेल आर्मीत, राजाच्या विरुद्ध बाजूला. मग १६६० च्या पहिल्या दिवशी स्कॉटलंडच्या सीमेवरच्या कोल्डस्ट्रीम गावाहून मंक निघाला, भर थंडीत सुमारे पाच आठवडे चालून लंडनला पोचला आणि राजा दुसऱ्या चार्ल्सला गादीवर परत आणायची वाट मोकळी झाली. ग्रेनेडियर्सची मूळ रेजिमेंट १६५६ ची, म्हणजे वयाने धाकटी, पण राजाच्या चाकरीत आधीपासून म्हणून मान पहिला. कोल्डस्ट्रीमवाल्यांनी ते दुसरेपण कधीच मनाने मान्य केलं नाही, ब्रीदच घेतलं नल्ली सेकंडस, कुणाहून दुय्यम नाही, आणि परेडमध्ये आजही ते दुसऱ्या नंबरावर नाही तर रांगेच्या अगदी डाव्या टोकाला उभे राहतात. आमची रेजिमेंटपण सर्व्हरवर इतर गार्ड्सबरोबर असली की डावं टोक मागून घेते.

नवीन आलेल्या पोरांना अस्वलाच्या कातडीची ती उंच टोपी हवी असते. त्यांना समजवावं लागतं की वॉटर्लूला, नेपोलियनच्या शेवटच्या लढाईत, गार्ड्स लढले ते शाको म्हणजे उभट नळकांड्यासारखी टोपी घालून, अस्वलाचं बेअरस्किन सगळ्या रेजिमेंटला मिळालं ते नंतर, ग्रेनेडियर्सना वॉटर्लूच्या मानाखातर आणि कोल्डस्ट्रीमला तर १८३१ मध्ये. तसंच गार्ड्समन हा हुद्दा, तो १९१८ चा, नेपोलियनच्या काळात साधा प्रायव्हेट म्हणजे शिपाईच होता, पण तो शब्द आम्ही माहीत असून ठेवलाय कारण सगळ्यांना तो प्रिय आहे.

माझं पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या खाली कधी येत नाही, सर्व्हर युरोपातला असतो ना. गोळीबारात ते चालून जातं पण संगिनीच्या लढाईत वार वरून येतोय की खालून हे बघून तेवढ्यात अडवायचं असतं आणि माझा ब्लॉक पोचेपर्यंत मी आडवा झालेला असायचो. वर्षभर मी रोज सराव केला, सुधारलोही, पण पिंगचं अंतर सरावाने भरून निघत नाही. तेव्हा सार्जंटनेच विचारलं, ड्रम घेशील का. मला आधी वाईट वाटलं खरं, बंदूक काढून घेतायत असंच वाटलं. आज मला कोणी लेफ्टनंट करतो म्हणाला तरी मी ड्रम सोडणार नाही. ड्रमवाल्याने रांगेच्या मागे दोन पावलं राहायचं, त्याच्या तालावर रांग चालते, त्याच्याजवळ असलेल्यांना गेममध्ये थोडा फायदाही मिळतो, पण खरं म्हणजे मागे उभं राहिलं की रांग दिसते. पंचवीस पाठी दिसतात. कोण घाबरून मागे सरकतोय, कोण जोडीदाराची जागा भरायला सरकतोय, सगळं दिसतं. बंदूक हातात असताना हे मला कधीच दिसलं नव्हतं. खऱ्या गार्ड्सच्या ड्रमरच्या कोटावर आजही पांढऱ्या फितीवर निळ्या फ्लर-द-लीची, म्हणजे लिलीच्या फुलाची, नक्षी असते, शेकडो बाकीच्यांत ते उठून दिसतात, मला तो कोट एकदा जवळून बघायचाय.

मी मराठी आहे म्हटल्यावर आमच्या कॅप्टनने मला पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, असई? मी चाट पडलो. वॉटर्लूवाला वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, १८०३ च्या सप्टेंबरमध्ये असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेशी लढलेला, आणि म्हातारपणीही त्याला विचारलं की तुझी सगळ्यात मोठी लढाई कुठली तर तो असईचं नाव घ्यायचा. त्या रात्री आम्ही तासभर बोललो. फूट गार्ड्स तिथे नव्हते, पण कॅप्टनला माहीत होतं की शिंद्यांची कवायती पायदळं रांगेत उभी होती आणि मराठ्यांचे गोलंदाज शेवटपर्यंत तोफांपाशी राहून मेले. लाल कोट घालून खेळताना मनात जो एक खडा टोचत होता तो काही पूर्ण गेला नाही, जाऊही नये, पण समोरच्या बाजूचे उभे राहिलेले लोक त्याला माहीत आहेत याने मला तिथे परकं वाटायचं थांबलं.

दर जूनमध्ये आमचा सगळ्यात मोठा इव्हेंट असतो तो उगुमॉंचा. १८ जून १८१५, वॉटर्लूच्या मैदानाच्या उजव्या अंगाला विटांच्या भिंतींचा एक वाडा, बाग, फळबाग, आत गार्ड्सच्या लाईट म्हणजे चपळ पायदळाच्या कंपन्या आणि त्यांच्याबरोबर नासाऊ आणि हॅनोव्हर या जर्मन संस्थानांचे शिपाई. दुपारी एक धिप्पाड फ्रेंच अधिकारी कुऱ्हाडीने उत्तरेचं दार फोडून आत घुसला, त्याच्यामागे तीसेक जण. कोल्डस्ट्रीमचा लेफ्टनंट कर्नल जेम्स मॅकडोनेल आणि मूठभर लोकांनी खांदे लावून दार परत बंद केलं, कॉर्पोरल जेम्स ग्रॅहमने अडसर टाकला, आणि आत आलेल्यांपैकी एक ड्रमवाला पोरगा तेवढा वाचला असं सांगतात. (एवढ्या सगळ्यात मला तोच आठवत राहतो.) नंतर वाड्याला आग लागली तेव्हा ग्रॅहमने जागा सोडायची परवानगी मागितली, जळत्या कोठारात त्याचा भाऊ जखमी पडलेला. त्याला बाहेर काढलं आणि तो परत भिंतीपाशी येऊन उभा राहिला. परवानगी मागितली, ते बघा. भाऊ जळतोय आणि माणूस परवानगी मागतो, आणि परत येतो.

त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास नेपोलियनची निवडक फौज इम्पीरियल गार्ड चढून आली तेव्हा जनरल मेटलंडचे फर्स्ट फूट गार्ड्स (नंतरचे ग्रेनेडियर्स) टेकाडाच्या कडेमागे जमिनीवर आडवे पडून होते. तोफगोळे डोक्यावरून जातायत, समोरून ढोल वाजवत फौज येतेय, आणि उठायचं नाही. अगदी जवळ आल्यावर उठले आणि बार काढला. मी टेकाडामागे बसून जे बिघडवलं होतं ते नेमकं हेच होतं. हे मी नंतर वाचलं आणि कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो.

गेल्या वर्षीच्या उगुमॉंमध्ये दारावर आमचे चौघं होते, माईकवर एकच आवाज, होल्ड, होल्ड, फ्रेंचांचे वीस-बावीस घुसले आणि आमचे चारातले तीन जागेवर गेले, चौथ्याने दार लावलं. तो कोण होता सांगू, तीन महिन्यांपूर्वी आलेला पोलंडचा मुलगा, शाळेत शिकतो, इंग्रजी बेताचंच, आणि आधीच्या इव्हेंटमध्ये दोनदा एफओएल. मी भिंतीच्या आत ड्रम वाजवत होतो आणि मला तो वाजवणं थांबवता येईना.

हल्ली हजेरीला संख्या कमी भरते, बारा-चौदा, कधी दहा. जुने लोक नोकरीला लागले, कॅप्टनला मुलगी झाली, तो आता महिन्यातून एकदा येतो आणि आवाज बारीक ठेवून हुकूम देतो कारण शेजारच्या खोलीत ती झोपलेली असते. दहा जणांची रांग मागून फार लहान दिसते, पण सरळ असते.

यंदा जूनच्या इव्हेंटला दारासाठी चार, बागेच्या भिंतीसाठी किमान आठ जण लागतील. गेम नसेल आला तरी चालेल, बुधवारी शिकवतो, माईक मात्र हवा. आणि आल्या आल्या मी विचारणार आहे की डावीकडे कोण आहे.