गल्ला

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या आमच्या कापडाच्या दुकानात वडिलांच्या गादीशेजारी एक सागवानी गल्ला असे. दिवेलागणीला लक्ष्मीच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळून झाली, की ते तो उघडत, नोटांची तोंडे एका बाजूला करत आणि ओल्या स्पंजवर बोट टेकवत मोजू लागत. मध्येच कोणी गिऱ्हाईक आत आले तर मोजणे थांबे, आणि एखाद्या पाहुण्याने ‘काय, आज कसा काय धंदा?’ असे विचारलेच, तर ‘चाललंय देवाच्या कृपेनं’ यापलीकडे उत्तर मिळत नसे. दुसऱ्याच्या गल्ल्यात डोकावू नये, हे मला वेगळे शिकवावे लागले नाही. असे असूनही आज माझ्या दिवसाची सुरुवात मुंबई आणि हैदराबाद येथील पूर्णपणे अनोळखी माणसांचा गल्ला मोजण्याने होते, आणि तोही त्यांनी न विचारता.

सिनेमाच्या बातम्यांत हा शब्द कोणी आणला ठाऊक नाही, पण तो आता तेथे चांगलाच रुळला आहे. ‘“या” चित्रपटाने पहिल्याच दिवशी जमवला “इतक्या” कोटींचा गल्ला’ असा मथळा मोबाइलवर येतो आणि चहा गार होतो. यातील अवतरणचिन्हे माझी नाहीत. शाळेत आम्हाला ‘हा’, ‘तो’, ‘त्या’ हे शब्द नामाच्या आधी आले की त्यांना दर्शक विशेषण म्हणतात असे शिकवले होते. ते दाखवते म्हणून दर्शक. मनोरंजनाच्या बातमीतले ‘त्या’ काहीच दाखवत नाही. ‘त्या’ फोटोतला फोटो, ‘त्या’ वक्तव्यातले वक्तव्य आणि ‘इतक्या’ कोटींतला आकडा हे सगळे सातव्या परिच्छेदात, सांधेदुखीचे तेल आणि सदनिकेची जाहिरात यांच्या मध्ये कोठेतरी दडवलेले असतात. तोवर अभिनेत्रीने मौन सोडलेले असते, नेटकऱ्यांनी तिला सुनावलेले असते आणि चाहत्यांना धक्का बसून गेलेला असतो. मला मात्र, खोटे कशाला बोलू, धक्क्यात रस नसतो. मला आकडा हवा असतो.

आकड्याचे हे वेड मला माझ्या एका पद्मशाली मित्राने लावले. त्याचा पूर्व भागात टॉवेलचा कारखाना आहे. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि यंत्रमाग बंद पडला की दोन्ही भाषांतल्या शिव्या असा त्याचा रिवाज. हैदराबादचा मोठा नट पडद्यावर येणार असला, की आमच्या पूर्व भागातल्या पोस्टरांवर जी तेलुगू अक्षरे दिसतात, ती मला वाचता येत नाहीत, पण त्यांच्या आकारावरून नट किती मोठा आहे हे कळते. एकदा मी मोठ्या ऐटीत त्याला एका सिनेमाचा आकडा सांगितला, तेव्हा त्याने टॉवेलची घडी घालता घालताच विचारले, ‘ग्रॉस सांगतोस का नेट, का शेअर बे?’ मी कापडवाल्याचा मुलगा असूनही निरुत्तर झालो.

त्याने मग जो हिशेब समजावला, तो येथे मांडतो. दोनशे रुपयांचे तिकीट घ्या. त्यात १८ टक्के जीएसटी आधीच मिळवलेला असतो, म्हणजे साधारण ३१ रुपये सरकारचे आणि १६९ रुपये निव्वळ. हे १६९ रुपयेही निर्मात्याकडे जात नाहीत. त्यांतला चित्रपटगृहाचा हिस्सा वजा होऊन वितरकाच्या हाती पहिल्या आठवड्यात ढोबळमानाने निम्मे येतात आणि पुढे आठवड्यागणिक त्याचा वाटा घटत जातो. निर्मात्याच्या पोस्टरवर दोनशे झळकतात, हिंदीचे जाणकार निव्वळ १६९ धरतात आणि तेलुगू धंद्यातली माणसे ८५ च्या आसपासचा ‘शेअर’ खरा मानतात. तीच नोट, तेच गिऱ्हाईक आणि तीन उत्तरे! वडिलांनी असा हिशेब पाहिला असता, तर मुनीमजींना दुसऱ्या दिवशी दुकानात यायची गरज पडली नसती.

या हिशेबात इतिहासही कसा मुक्काम ठोकून आहे, हे पाहण्यासारखे आहे. तेलुगू सिनेमाच्या वितरणात तेलंगणाच्या पट्ट्याला आजही ‘निझाम’ म्हणतात आणि रायलसीमेला ‘सीडेड’, कारण तो मुलूख निजामाने १८०० साली इंग्रजांना तोडून दिला होता. हिंदीच्या वितरकांकडेही विदर्भाचा उल्लेख असलेले ‘सीपी-बेरार’ हे सर्किट शिल्लक आहे. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरचे तुळजापूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तेव्हाचे राज्य गेले; गल्ल्यातून मात्र निजामाला अजून कोणी उठवलेले नाही.

आकडे नव्हते तेव्हा आठवडे होते. तिठ्यावरच्या पोस्टरवर दर शुक्रवारी एक माणूस सायकलवरून येऊन ‘सप्ताह ९ वा’ अशी पट्टी डकवत असे. त्याच्या हँडलला खळीची बादली लटकलेली असे. सुताला लावतात तीच खळ, आमच्या गावात तिचा तुटवडा कधीच नव्हता. आठव्या आठवड्याच्या पट्टीवर नववी बसे, कडेने जुन्या आकड्याची शेपटी बाहेर डोकावत राही, आणि गिरणीच्या पाळीवरून परतणारे कामगार सायकल न थांबवता ती वाचून पुढे जात. पंचवीस झाले की रौप्यमहोत्सव, पन्नास झाले की सुवर्णमहोत्सव. हा हिशेब तपासायला जाणकार लागत नसे. ‘भागवत टॉकीजला कोणता लागलाय?’ या प्रश्नाला मागच्या महिन्यातलेच उत्तर मिळाले, की सिनेमा चालला आहे हे ठरून जाई. शिवाय आठवड्याला महागाई नाही. २००८ मध्ये ‘गजनी’ने शंभर कोटींची वेस ओलांडली तेव्हा त्याचे केवढे कौतुक झाले, आता तिकिटाचे दर वाढत वाढत शंभर कोटींना कोणी चहासुद्धा विचारत नाही. आठवडा तेव्हाही सात दिवसांचा होता, आजही सातच दिवसांचा आहे.

मराठी प्रेक्षकाला ही कोटींची बाधा ‘सैराट’ने दिली, असे माझे मत आहे, आणि त्याचा काही दोष आमच्या जिल्ह्याकडे येतो. दिग्दर्शक करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका अकलूजची आणि चित्रीकरणाचा बराच भाग करमाळ्याच्या आसपासचा, त्यामुळे २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही सगळेच निर्मात्याच्या सख्ख्या भावासारखे वागत होतो. रसवंतीवर उसाचा रस पिता पिता लोक कोटी मोजत होते. पुढे नायिकेच्या दहावीच्या टक्केवारीचीही बातमी झाली, तेव्हा मात्र मला तिची दया आली; आमच्या वेळी निकाल फक्त शेजाऱ्यांना सांगावा लागे. सोलापूरशी धागा जुळवण्यात आमची वर्तमानपत्रे तशीही पटाईत आहेत. २०२१ मध्ये शशिकला गेल्या, तेव्हा पडद्यावरच्या त्या ठसकेबाज खलनायिकेचा जन्म सोलापूरचा, हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनीही ते आपल्याला लहानपणापासून ठाऊक असल्यासारखे सांगितले. मीही सांगितले.

मागच्या मे महिन्यात एका सोमवारी मी दुपारी तीनच्या खेळाला गेलो. आदल्या रात्रीच्या बातमीत त्या सिनेमाला ‘हाउसफुल्ल गर्दी’ होती. बाहेर पारा त्रेचाळीसवर होता आणि आत मोजून अकरा माणसे होती, त्यांतली दोन केवळ वातानुकूलनासाठी आलेली, कारण नावे झळकायच्या आतच त्यांचे घोरणे सुरू झाले. डोअरकीपरने माझे तिकीट बॅटरीच्या उजेडात न पाहताच फाडले आणि म्हणाला, ‘बसा कुठंबी, मालक.’ मी म्हणालो, ‘बातमीत तर फुल्ल दाखवतायत.’ त्यावर तो अगदी शांतपणे म्हणाला, ‘तिकडं असंल फुल्ल. हितं मी मोजतो की.’

सिनेमा बेताचाच होता, पण त्यात एक प्रसंग होता. नायकाचा म्हातारा बाप मुलाला निरोप द्यायला एसटीपर्यंत येतो, काही बोलत नाही, फक्त खिडकीतून आत दिलेली पिशवी पुन्हा बाहेर घेतो, तिची सुटलेली गाठ पक्की बांधतो आणि परत आत देतो. गाठ बांधणाऱ्या त्या बोटांवर कॅमेरा जरा जास्तच वेळ थांबला होता, आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्या नटाचे नाव मला श्रेयनामावलीत शोधावे लागले, आणि तेही दिवे लागल्यामुळे पुरते वाचता आले नाही. नायकाच्या विमानतळावरच्या गॉगलविषयी मी तीन वेगवेगळ्या बातम्या वाचल्या होत्या. या बोटांविषयी एकही नव्हती.

बाहेर आलो तेव्हा पायऱ्या तापल्या होत्या. स्कूटरच्या सीटवर ओला रुमाल टाकत असतानाच पूर्व भागातून फोन आला. मागे यंत्रमागांचा खडखडाट होता, त्यामुळे मित्र ओरडूनच विचारत होता, ‘कसा आहे बे पिक्चर?’ मला त्या गाठीविषयी सांगायचे होते. पण सवय वाईट असते. तोंडून निघून गेले, ‘सोमवारचा आकडा रात्री येईल, मग सांगतो.’