रजिस्टरातले कोरे दिवस

शासकीय अनुदानावर चालणाऱ्या नाट्यगृहांचे व्यवस्थापन किती कार्यक्षम आहे, हे आकड्यांत मांडण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी मांडलेली डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस ही पद्धत मी प्रथम वापरून पाहिली. तिच्यात प्रत्येक संस्थेला काय मिळाले आणि तिने त्यातून काय दिले, याची तुलना गटातल्या सर्वोत्तम संस्थांशी होते आणि नफ्याची अट नसते, म्हणून ती नाट्यगृहांना योग्य वाटली. मात्र अनुदान, कर्मचारी व आसने या तीन बाबी एका बाजूला आणि प्रयोग व प्रेक्षक या दोन बाबी दुसऱ्या बाजूला धरल्या, तर त्या पाचांच्या तिप्पट, म्हणजे निदान १५ नाट्यगृहे तुलनेला हवीत, असा संकेत आहे. पणजीची कला अकादमी, फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर आणि मडगाव, कुडचडे, साखळी येथील रवींद्र भवने अशी यादी केली, तरी गोव्यात ती संख्या भरत नाही. आणि गट एवढा लहान असला की जवळजवळ सर्वांनाच पैकीच्या पैकी गुण मिळतात.

म्हणून वर्षातले किती दिवस नाट्यगृह वापरात होते, एवढेच मी मोजले. एक नाट्यगृह तळाशी आले आणि पडताळणीसाठी मी तिथे गेले.

बुकिंग रजिस्टरात सलग चार दिवस कोरे होते. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या काकांनी मात्र आपली कडा फाटलेली वही माझ्यापुढे ठेवली. त्याच चार तारखांना निळ्या शाईत लिहिले होते: "जिना उभा केला. देवघराची चौकट आखूड पडली. डावीकडचा स्पॉट बदलला." मराठी नाट्यस्पर्धेसाठी एका गावातले मंडळ तिथे रंगीत तालीम करत होते.

"मॅडम, तालमीला भाडे नाही, म्हणून पावती फाडली नाही, आणि पावती नाही म्हणून रजिस्टरात नोंद नाही. पण रात्री दीड वाजेपर्यंत मी वर दिव्यांपाशी होतो," ते म्हणाले.

मला स्वतःचीच चूक टोचली. जत्रेच्या मांडवात नाटक करत आलेल्या त्या मुलांना दिव्यांच्या साथीने उभे राहायला शिकवणारी ती एकच जागा होती, आणि माझ्या तक्त्यात तोच दिवस नाकर्तेपणाचा ठरला होता. पहिल्या क्रमांकाच्या नाट्यगृहाचे दिवस मी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांत स्नेहसंमेलने आणि सरकारी खात्यांचे समारंभच अधिक निघाले. तेही व्हायला हवेत. परंतु रंगमंदिराच्या नावाने दिलेल्या अनुदानाचे मोजमाप केवळ त्यांच्यावर होऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

पावती नसलेला दिवस कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा, असे वरिष्ठांनी विचारले. मी तक्त्यात "तालीम व मांडणी" हा रकाना वाढवला आणि पुरावा म्हणून काकांच्या वहीची ती चार पाने छायाप्रत काढून अहवालाला जोडली.