आमची वाटचाल: १२१ वा दिवस

सुरुवातीला आमचं काम सरळ होतं. क्लाउडवर विंडोज सर्व्हर घ्यायचा, त्यावर ग्राहकाचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर टाकायचं आणि त्याच्या माणसांना रिमोट डेस्कटॉपने लॉगिन द्यायचं. सर्व्हर मुळात दोनच सेशन देतो, तीही देखभालीसाठी. तिसरा आला की कुणाला तरी उठावं लागे. मग सेशन होस्टचा रोल (एकाच सर्व्हरवर अनेकांना बसू देणारी विंडोजची सोय) टाकला आणि आठ-दहा जण एकदम कामाला बसले.

त्या रोलला लायसन्सशिवाय चालायची १२० दिवसांची सवलत असते, हे मला ठाऊक होतं. चार महिने आहेत, बघू, म्हणत राहिलो. १२१ व्या दिवशी सकाळी फोनांची रांग लागली: 'लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही' म्हणतोय आणि आत घेत नाही. मी मात्र आरामात आत! देखभालीच्या ॲडमिन सेशनने जोडलं की लायसन्स विचारलंच जात नाही.

रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातली) एक की उडवली की मुदत पुन्हा सुरू होते, असं एका मित्राने सुचवलं. होते खरी, पण ती चोरीच. घाईने पर-यूजर कॅल (माणशी एक वापराचं लायसन्स) घेऊन चढवल्या, तर दुसरी ठेच. सर्व्हर २०१९ चा आणि डोमेन (सगळ्यांची खाती एका जागी सांभाळणारी व्यवस्था) नाही, नुसता वर्कग्रुप, म्हणजे सुटी मशीनं. तिथे पर-यूजर कॅल चालत नाहीत. सूचना झळके आणि ६० मिनिटांनी सेशन तुटे. एका बाईंचं अर्धं व्हाउचर दिवसातून तीनदा गेलं. मुकाट्याने डोमेन उभं केलं.

खरा घोळ कागदावर होता. कॅल आमच्या नावाच्या, वापरणारे ग्राहकाचे लोक. सेवा म्हणून दुसऱ्याला द्यायचं तर मायक्रोसॉफ्टचा एसपीएलए (सेवा पुरवणाऱ्यांसाठीचा लायसन्स) करार लागतो आणि त्याखाली दरमहा माणशी एसएएल, म्हणजे वापरणाऱ्यामागे एक लायसन्स. नाहीतर ग्राहकाने सॉफ्टवेअर अश्युरन्स (लायसन्सवर घ्यायची मायक्रोसॉफ्टची जोड-योजना) असलेल्या स्वतःच्या कॅल आणायच्या. आता कोटेशनच्या आधी आम्ही हेच विचारतो. काही गिऱ्हाइकं त्यामुळे गेली, जाऊ देत.

एसएएल मोजताना लॉगिन किती झाले हे बघत नाहीत, परवानगी किती जणांना आहे हे बघतात. त्यामुळे महिनाअखेरीस प्रत्येक ग्राहकाला यादी पाठवतो: यातलं कोण सोडून गेलं? उत्तर क्वचितच वेळेवर येतं. गेल्या खेपेला 'टेस्ट२' नावाचं खातं निघालं. ग्राहकाला विचारलं, तर ते आम्हीच उघडलेलं. चार महिने त्याचे पैसे भरत होतो.