जनता वसाहतीतली दुपार आणि उडवलेला ‘पण’

पुण्याला लग्नासाठी गेले होते. लग्न, सारसबाग, लक्ष्मी रोडची खरेदी सगळं यथासांग पार पडलं, लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचंय ते पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीबद्दल. मैत्रीण तिथल्या बायकांना मोबाइलवर रेकॉर्डिंग करून कार्यक्रम बनवायला शिकवते. म्हणाली, चल. दांडेकर पुलापासून चढ, पुढे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं असा बोळ. खोलीत पंखा बंद, कारण रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते. मी घामाने निथळत होते. बाकी कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं. पण बसायच्या आत हातात चहा आला.

कचरा वेचणाऱ्या एक मावशी कानाला हेडफोन लावून शेजारणीची मुलाखत कापत होत्या. शेजारीण म्हणत होती, “पाणी येतं, पण रात्री दोनला, आन् त्येबी अर्धा तास.” मावशींनी अंगठ्याने ‘पण’पासून पुढचं सगळं उडवलं आणि मला ऐकवलं. “पाणी येतं.”

“बगा, आता नगरसेवक खूश!” खोलीभर हशा.

तेव्हापासून म्हणे घरी मोबाइलवर कसलाही व्हिडिओ आला की मावशी विचारतात, “ह्याच्या आदी काय व्हतं?” पोरगा वैतागतो. वैतागू दे. लग्नात आमच्या इंजिनिअर काकांनी पंगतीत बसल्याबसल्या मोबाइलवरून काय काय पुढे पाठवलं, ते मी पाहिलंय.

मी सोलापूरकडची, मला राईनपाडा आठवणारच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. बहुतेक जण आमच्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागत फिरणारे. अफवा मोबाइलवरूनच पसरली होती.

मी विचारलं, हे रेडिओवर का नाही? २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचा, म्हणजे आसपासच्या लोकांपुरत्या छोट्या केंद्राचा, परवाना मिळतो. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग हे केंद्र त्यातूनच उभं राहिलं. मैत्रिणीने अडचणी सांगितल्या: ट्रान्समीटर, मनोरा, दिल्लीपर्यंतची कागदपत्रं. शिवाय स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, लावायच्या तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा. मग आपल्या नळाची रड ही बातमी की लोकोपयोगी माहिती, यावर बायकांची चांगलीच जुंपली. मला विचाराल तर हा नियमच डोक्यात जातो. तूर्तास कार्यक्रम बचत गटाच्या बैठकीत ब्लूटूथ स्पीकरवर वाजतो, आणि ऐकताना लोक मध्येच ओरडून दुरुस्त्या सुचवतात.

निघताना मावशींनी माझ्यापुढे मोबाइल धरला. “पुणं कसं वाटलं?” मी जी सुरू झाले ती ट्रॅफिक, रिक्षावाले, स्वारगेटचा गोंधळ, काही सोडलं नाही. रात्री मैत्रिणीने फाइल पाठवली. त्यात माझं एकच वाक्य: “पुणं छान आहे.”