काकूंचा 'स्पेशल' चिवडा कुठे गेला?

रामबागेतल्या एका काकूंचा घरगुती फराळाचा धंदा आहे. इंदूरभर माल जातो. त्यांच्या वेबसाइटचं काम हल्ली माझ्याकडे आलंय. आज फोन: "अरे, भाव बदलायला गेले की नावाच्या जागी नुसतं 'काकूंचा' उरतं. माझा चिवडा कुठे गेला?"

पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, बघितला. रकान्याची व्हॅल्यू सिंगल कोटात, आणि मालाचं नाव: काकूंचा 'स्पेशल' चिवडा. नावातला पहिला कोट दिसला की ब्राउझरच्या लेखी व्हॅल्यू संपली. एस्केप करणारं, म्हणजे कोट, & अशा चिन्हांऐवजी त्यांचे कोड ठेवणारं फंक्शन लावलेलं होतं, पण पीएचपी (साइट ज्या भाषेत लिहिलीय ती) जुनं. ८.१ च्या (२०२१) आधी ते फंक्शन आपणहून डबल कोटच बदलायचं, सिंगल तसाच सोडायचं. कोट तोडून कुणी तिथे स्क्रिप्टही (ब्राउझर चालवतो तो कोड) घुसवली असती. हे काकूंना सांगितलं नाही, उगाच झोप उडायची.

दुसरी गंमत 'शेव & पापडी'ची. & म्हणजे & चं एस्केप केलेलं रूप. आधीच्या गड्याने डेटाबेसात भरतानाही एस्केप केलेलं आणि दाखवतानाही. त्यामुळे दर सेव्हला & च्या मागे एक 'एएमपी' वाढत मारुतीचं शेपूट झालेलं. तेच बिलावर छापून जात होतं! माझं मत पक्कं आहे: साठवताना मजकूर जसाच्या तसा ठेवा, एस्केप दाखवताना करा. तेही जागा बघून. स्क्रिप्टच्या आतले नियम वेगळे.

कोटाचं काम झालं. जुन्या नोंदींची शेपटं उद्या छाटतो. काकूंनी विचारलं, "मग आता लसूण शेवेचा भाव वाढवू ना?"