एका तासाला एक सेंटिमीटर

दर डिसेंबरात घरात दोन-तीन डायऱ्या येतात. एक बँकेची, एक कुठल्यातरी औषधांच्या कंपनीची. जाड पुठ्ठा, सोनेरी कडा. जानेवारीच्या नऊ-दहा तारखेपर्यंत मी त्यांत इमानाने लिहिते. मग एक दिवस चुकतो, ते कोरं पान आपल्याकडे रोखून बघायला लागतं, आणि फेब्रुवारीत डायरी वाण्याच्या यादीच्या कामाला लागते.

दिवसाची कामं आखायला मी स्वतःची पानं करायला लागले ती शिस्त म्हणून नव्हे, पाठकोऱ्या कागदांपायी. ऑफिसातून असे गठ्ठेच्या गठ्ठे घरी यायचे आणि पाठकोरा कागद रद्दीत टाकायला माझा हात धजत नाही. लहानपणी मे महिना संपत आला की बाबा जुन्या वह्यांतली उरलेली कोरी पानं सोडवायला बसत. दुरेघी, चौरेघी, गणिताची चौकटीची, सगळ्यांची मिळून एक रफ वही व्हायची. मधोमध दाभणाने तीन भोकं, दोरा मधून आत, वरून बाहेर, खालून आत, पुन्हा मधून बाहेर, गाठ. सुई ओवायचं काम माझं.

पाठकोऱ्या कागदांना मात्र ही शिवण चालत नाही, छापील बाजू मध्ये मध्ये डोकावते. त्यासाठी छापील बाजू आत ठेवून घडी घालायची, घडी बाहेरच्या अंगाला घ्यायची आणि मोकळ्या कडा शिवायच्या. प्रत्येक पान दोन्हीकडून कोरं मिळतं. शिवणीपाशी दीड सेंटिमीटर समास सोडायला विसरायचं नाही, नाहीतर सकाळची कामं दोऱ्याखाली जातात. उजेडात धरलं तर मंगळवारच्या मागून गेल्या वर्षीच्या मीटिंगचा वृत्तांत दिसतो. दिसेना का.

ए-फोर कागदाची अशी घडी 21 सेंटिमीटर उंच होते. वर तारीख-वारासाठी दोन आणि खाली एक सोडला की उरतात 18. पहाटे पाच ते रात्री अकरा हेही 18 तासच! हे जमलं त्या रात्री मी विलक्षण खूश होते. एका तासाला एक सेंटिमीटर. आता दिवस पट्टीने मोजता येणार होता. लगेच कळलं की ‘पाचच मिनिटं बसते गं’ म्हणत येणारी शेजारीण माझ्या कागदावर मिलिमीटरभरही नाही. प्रत्यक्षात ती दीड सेंटिमीटर बसते.

मग हौस वाढली. दहावीत अभ्यासाचं वेळापत्रक करताना चढायची तीच ही हौस. त्यात एक अख्खी संध्याकाळ स्केचपेनांवर जायची आणि भूगोल तसाच राहायचा. अप्पा बळवंत चौकातून बारीक टोकाची पेनं आणली. इंटरनेटवर बघून ‘आज किती ग्लास पाणी’ आणि ‘आज कशाबद्दल कृतज्ञ’ अशा चौकटी आखल्या. दुसऱ्या चौकटीत ओळीने अकरा दिवस ‘मावशी कामाला आल्या’ एवढंच लिहिलं गेलं, तेव्हा ती बंद केली. रायडर कॅरोल नावाच्या अमेरिकन डिझायनरने 2013 मध्ये लोकांपुढे आणलेली बुलेट जर्नलची पद्धतही करून पाहिली. त्यात काम झालं की फुली आणि पुढे ढकललं की बाण. बाण फार सोयीचा निघाला. ‘ब्लाउज शिंप्याकडे टाकणे’ हे काम बाणावर बसून सहा आठवडे प्रवास करत होतं. तोवर ज्या लग्नासाठी ते शिवायचं होतं, ते लग्न उरकलं.

सासूबाईंनी एकदा चष्मा लावून पान वाचलं. म्हणाल्या, “अगं, सात ते साडेसात व्यायाम लिहिलायस. तेव्हा तर पाणी असतं.”

मी इतक्या रेघा मारल्या होत्या, पण ही रेघ मारली नव्हती. आमच्याकडे नळाला साडेसहा ते आठ पाणी. त्या दीड तासात धुणं, भरणं, आंघोळी, कुंड्या. घंटागाडीचं गाणंही नेमकं त्यातच वाजतं. दिवसाचा दोर असा तिथे बांधलेला, आणि मी पाच, सहा, सात असे समान खिळे ठोकत बसले होते. पूर्वी वेळ पाण्यावरच मोजत, हे तेव्हा आठवलं. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. दिवस-रात्र मिळून 60. लग्नात मुहूर्त साधायला हे घटिकापात्र मांडायचे. आमच्या माडीवरच्या टाकीला भरायला जवळजवळ दोन घटका लागतात, हे मी मुद्दाम मोजलं. टाकी वाहायला लागली की खालून ओरड होते, हा आमचा टोल.

आता माझ्या पानावर तास नाहीत. तीन पट्टे आहेत: पाण्याआधी, पाणी असताना, पाणी गेल्यावर. पहिला अरुंद आणि माझा एकटीचा. त्यात चहा, आणि जमलं तर चार ओळी वाचणं. मधल्यात काही लिहावंच लागत नाही, तरी तो आखते. तिसरा सगळ्यात लांब आणि त्यात बाण सगळ्यात जास्त. शाईचं पेन सोडून पेन्सिल घेतली, कारण मधल्या पट्ट्यात ओले हात लागतात.

परवा सासूबाई म्हणाल्या, “मलाही एक वही कर. मोठ्या अक्षरात.” विचारलं, काय काय हवं? सकाळच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या, दुधाचे खाडे, आणि खाली चार बोटं मोकळी जागा.

“तिथे काय लिहिणार?”

“तुला काय करायचंय? पट्टी नीट धर, रेघ वाकडी येतेय.”